पान लागलं, मंत्र घातला, माणूस उठला: मग चुकतं कुठे?

पावसाळा सुरू झाला की एक बातमी ठरलेली. गाव बदलतं, वय बदलतं, बाकी मजकूर तोच. रात्री झोपेत साप चावला, घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेलं, मग दवाखान्यात, तोवर उशीर झाला होता. त्यावर लोकांचं बोलणंही ठरलेलं: "अजून हे चालतं?" आणि "अडाणी लोक, दुसरं काय."

हा 'अडाणी' शब्द मला पटत नाही, कारण मी स्वतः या गोष्टीवर अगदी हिशेबानं विश्वास ठेवला होता. माझं आजोळ कोकणात. तिथं शेजारच्या वाडीत एक म्हातारे पान उतरवायचे. आमच्याकडे 'साप चावला' म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. रात्री तर सापाचं नावही घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं नाहीतर जनावर. या आजोबांच्या ओटीवर वाशाला ओळीनं नारळ टांगलेले असत. पान उतरलेला माणूस बरा झाला की नारळ घेऊन यायचा. आजोबा पैसे घेत नसत, पैसे घेतले तर मंत्राचा गुण जातो म्हणत. नारळ तेवढा वाशाला बांधत. काही इतके जुने की हलवले तर आत खडखड वाजे. मे महिन्याच्या सुट्टीत मी ते मोजले होते. २९ भरले. २९ माणसं! मंत्रात काही नसतं असं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर मी वाशाकडे बोट दाखवलं असतं.

पुरावा तर समोर लटकत होता. मग चुकत काय होतं?

आधी सापांचं बघू

भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक माणसासाठी बिनविषारी. आपल्या अंगणात, पडवीत, विहिरीवर दिसतात ते धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या हे सगळे बिनविषारी. माणसं मरतात ती मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कोकणात फुरशाचा सुळसुळाट जास्त.

आता दुसरी गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. विषारी साप चावला म्हणजे विष अंगात गेलंच असं नाही. साप विष वापरतो ते भक्ष्य मारायला. माणूस काही त्याचं भक्ष्य नाही, पाय पडला म्हणून तो घाबरून चावतो, आणि पुष्कळदा विष सोडतच नाही किंवा अगदी थोडं सोडतो. विष न सोडता चावला तर त्याला कोरडा दंश म्हणतात. दाताच्या खुणा असतात, माणसाला दरदरून घाम फुटलेला असतो, हातपाय थरथरत असतात, पण हे सगळं भीतीनं झालेलं असतं.

शंभर जणांचा हिशेब

समजा, एका मांत्रिकाकडे आयुष्यभरात पान लागलेले १०० जण आले. आकडे फक्त हिशेबासाठी धरू. यातल्या ७० जणांना बिनविषारी साप चावला होता. उरलेल्या ३० पैकी १० जणांना कोरडा दंश. राहिले २०, ज्यांच्या अंगात खरोखर विष गेलं. त्यातही कुणाच्या अंगात कमी, कुणाच्या जास्त. धरू की निम्मे कसेबसे वाचले.

म्हणजे १०० पैकी ९० उठून घरी गेले. नव्वद टक्के! दहावीला एवढे पडले तर आपण पेढे वाटतो.

आता त्याच मांत्रिकानं मंत्राऐवजी बे एके बे, बे दुणे चार म्हटलं असतं तर? तरीही नव्वदच उठले असते. मंत्राचं खरं यश मोजायचं तर 'मंत्रानं किती वाचले' एवढं पाहून भागत नाही. 'मंत्र नसता तर किती वाचले असते' हा आकडा शेजारी ठेवावा लागतो. नवीन औषधाची चाचणी घेताना काही रुग्णांना औषध आणि काहींना औषधासारखीच दिसणारी साधी गोळी देतात, ती याच कारणासाठी. त्या दुसऱ्या गटाला तुलना-गट म्हणतात. गावात तुलना-गट नसतो. पान लागल्यावर मुद्दाम मंत्र न घालता कोण बघत बसेल?

आता वाशाकडे परत या. बरा झालेला नारळ आणायचा. मेलेल्याच्या घरचं कुणी नारळ घेऊन येईल का? आणि जो मांत्रिकाकडे न जाता घरीच पडून राहिला आणि सकाळी चहा पिऊन शेतावर गेला, त्याचा नारळ कुठे टांगायचा? कप्पे चार असतात: मंत्र घातला आणि वाचला, मंत्र घातला आणि गेला, मंत्र न घालता वाचला, मंत्र न घालता गेला. वाशावर पहिल्या कप्प्याचाच हिशेब होता. मी मोजण्यात चुकलो नव्हतो. जे मोजायला हवं होतं त्याचे तीन भाग तिथं टांगलेलेच नव्हते.

कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं आपण म्हणतो. यालाच काकतालीय न्याय म्हणतात. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या की पहिलीमुळेच दुसरी घडली असं वाटणं, ही चूक माणसाला इतकी जुनी ठाऊक आहे की तिच्यासाठी म्हण आहे. तरी ती सुटत नाही.

ती माणसाचीच मक्तेदारी आहे असंही नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेलं कबूतर पेटीत ठेवायचं आणि ठरावीक वेळानं आपोआप दाणा द्यायचा. कबुतरानं काहीही केलं किंवा काहीच केलं नाही, तरी दाणा येणारच. थोड्या वेळानं बहुतेक कबुतरांनी आपापले 'विधी' सुरू केले. एक गोल गोल फिरू लागलं, एक पेटीच्या कोपऱ्यात मान घुसवू लागलं. दाणा आला त्या क्षणी जे करत होतं, तेच पुन्हा पुन्हा. दाणा पुन्हा यायचाच, आणि त्याची खात्री पक्की व्हायची. या प्रयोगाचा अर्थ कसा लावायचा यावर नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले. पण भारताची फलंदाजी चालू असताना घरात कुणी सोफ्यावरून उठलं की "बस रे, विकेट जाईल" म्हणून ओरडणारा काका आठवला, की मला ते कबूतर ओळखीचं वाटतं.

"पण माझ्या डोळ्यांदेखत बरा झाला!"

हा सगळ्यात भक्कम आक्षेप, आणि तो खोटा नसतो. माणूस खरंच बरा होतो. प्रश्न असा की आपण उपाय करायला जातो कधी?

कावीळ घ्या. घाणेरड्या पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई', बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. पहिले काही दिवस माणूस अंगावर काढतो. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, अन्नाचा वास नकोसा झाला, की कुणीतरी म्हणतं, "अमक्या गावी उतरवतात, तिकडे जा." म्हणजे आपण पोचतो तेच आजाराच्या शिखरावर. तिथून पुढे उतारच असतो. त्या उताराच्या आधी जो कुणी भेटेल त्याला श्रेय. कंबरदुखी, दमा, मायग्रेन, अंगावरचं पित्त, सगळ्या चढउताराच्या दुखण्यांचं असंच. म्हणूनच हमखास गुण येणारी बहुतेक ठिकाणं याच दुखण्यांची असतात. मोडलेला दात परत उगवून देणारा बाबा मी तरी ऐकलेला नाही.

कावीळ उतरवतानाचं पिवळं पाणी पाहिलंय का? हात चोळून धुतले की पाणी पिवळंधमक होतं आणि 'कावीळ निघाली' म्हणतात. हातांना आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो आणि पाण्यात चुन्याची निवळी. दोन्ही भेटले की रंग बदलतो. यात नवल नाही, हळदीला चुना लागला की लाल होते हे आपल्या आज्यांना पाठ होतं, घरचं कुंकू तसंच करत. निरोगी माणसानं हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. पण निरोगी माणूस तिथं हात धुवायला जातो कशाला? इथंही तुलना-गट गायब.

काविळीच्या माळेचंही तेच. गळ्यात घातलेली माळ दिवसागणिक लांब होते, कारण ओल्या काड्या वाळून आकसतात आणि त्यांच्याभोवतीच्या गाठी सैल पडतात. खुंटीला टांगली तरी वाढेल.

मग मांत्रिक लबाड असतो का?

काही असतात, अट्टल असतात. पण आमच्या आजोळचे आजोबा लबाड नव्हते. रात्री दोन वाजता हाक आली तरी उठत, आंघोळ करून ओलेत्यानं बसत. दोन रुपयांची अपेक्षा नाही. त्यांचा स्वतःचा विश्वास अढळ होता, आणि का नसावा? रोज निजताना वर पाहिलं की नारळच दिसायचे.

जे गेले त्यांच्यासाठी कारणं तयार असत. आणायला उशीर केलात. वाटेत विटाळ झाला. आणणाऱ्यानं मागं वळून पाहिलं. काळच आला होता. ही कारणं कुणी बसून रचत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात आणि त्यांचं काम एकच: अपयश मंत्राच्या खात्यावर न पडू देणं. माणूस उठला तर मंत्रानं, नाही उठला तर तुमच्या चुकीनं. असा दावा कोणत्याच परिस्थितीत खोटा पडू शकत नाही, आणि वरवर तीच त्याची ताकद वाटते. खरं तर जो दावा चुकूच शकत नाही, तो आपल्याला काही सांगतही नसतो. "उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही" हा अंदाज कधी चुकतो का?

भुई धोपटणारा मेंदू

इथवर मोजण्यातली गफलत झाली. पण विश्वास नुसत्या मोजण्यातून येत नाही, भीतीतूनही येतो.

अंधारात दोरी दिसली आणि तुम्ही साप समजून उडी मारलीत, तर नुकसान काय? चार लोक हसतील. पण साप दिसला आणि दोरी समजून उचललात तर? लाखो वर्षं या दोन चुकांची किंमत अशी विषम राहिली. त्यामुळे आपला मेंदू 'काही नसेल' यापेक्षा 'कुणीतरी असेल' या बाजूला झुकलेला आहे. पानं सळसळली की वारा असेल असं मनात यायच्या आधी कोण आहे असं येतं. ढगात चेहरे दिसतात, ओसाड घरात पावलं वाजतात, आणि लागोपाठ तीन वाईट गोष्टी घडल्या की "कुणीतरी काहीतरी केलंय" वाटतं. साप समजून भुई धोपटायची सवय आहे ही, आणि तिनं आपल्या पूर्वजांना जगवलं.

मण्यार तर या सवयीला खतपाणीच घालते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावलेलं पुष्कळदा कळतच नाही. ना सूज, ना धड खूण. पहाटे पोटात कळा येतात. मग पापण्या जड होतात, उघडता येत नाहीत. बोलताना जीभ जड होते, आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही. रात्री ठणठणीत जेवून झोपलेला माणूस सकाळी असा दिसला तर घरच्यांनी काय समजावं? ज्यांना मण्यार माहीत नाही त्यांच्यासाठी हे बाहेरचंच असतं, आणि बाहेरचं म्हटलं की डॉक्टर नाही, देवऋषी. प्रत्यक्षात विषानं नसांकडून स्नायूंकडे जाणारे निरोप अडवलेले असतात. थोड्याच वेळात श्वासाचे स्नायू थांबणार असतात.

"शिकलेले लोकही मानतात की!"

मानतात, कारण शिक्षणानं भीती जात नाही. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथले कोळी आतल्या शांत खाडीत मासे पकडायला जात तेव्हा काही मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात, जिथे जिवाचा भरवसा नाही, तिथे निघताना मात्र साग्रसंगीत विधी. माणसं तीच, अक्कल तीच. फरक फक्त एवढा की किती गोष्टी आपल्या हाताबाहेर आहेत.

या नजरेनं आजूबाजूला पाहा. पोळी लाटताना कुणी मुहूर्त बघत नाही, नव्या धंद्याला बघतात. क्षेत्ररक्षणाचे टोटके फारसे नसतात, फलंदाजीचे ढीगभर. डावा पॅड आधी बांधण्याची सचिन तेंडुलकरची सवय तर सगळ्यांना पाठ आहे. परीक्षा, बाळंतपण, शेअर बाजार, निवडणूक, शस्त्रक्रिया: जिथे मेहनत करूनही निकाल आपल्या हातात नाही, तिथे लिंबू-मिरची लटकतेच. विधी केल्यानं समुद्र शांत होत नाही, पण होडीतल्या माणसाचा हात थरथरायचा थांबतो. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

शिकलेल्यांची आणखी एक अडचण. त्यांना कारणं जास्त चांगली रचता येतात. लिंबू-मिरचीतून 'क' जीवनसत्त्व हवेत मिसळतं असं व्हॉट्सॲपवर मला पाठवणारे गृहस्थ इंजिनीअर आहेत. आणि २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, तेव्हा त्यांत पदवीधर कमी नव्हते. चमचा सोंडेला टेकला की दूध पृष्ठताणामुळे वर ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थरात खाली ओघळतं. दुधात रंग कालवून दाखवल्यावर ओघळ स्पष्ट दिसला. पण तोवर दूध पाजून झालं होतं.

"विश्वास ठेवला तर बिघडतं काय?"

पॅड कुठला आधी बांधला यानं काहीच बिघडत नाही. दुकानाला लिंबू लावलं तर पाच-दहा रुपये. मीही मांजर आडवं गेलं की एक क्षण थबकतो, खोटं कशाला सांगू. पण मंत्र उपचाराच्या जागी बसला की हिशेब बदलतो. त्या १०० जणांतले ज्यांच्या अंगात खरंच विष गेलं होतं, ते २० आठवा. मंत्रानं बाकीच्या ८० जणांचं काही वाईट केलं नाही. या २० जणांचा त्यानं वेळ खाल्ला. कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागतो का विचारायचं, गोड म्हणाला तर पुन्हा मंत्र. यात दोन-तीन तास सहज जातात.

सापाच्या विषावर उतारा एकच: प्रतिसर्पविष. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं वेगळी काढून ते बनवतात, मुंबईत परळला हाफकिनमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. आपल्याकडचं इंजेक्शन वरच्या चारही सापांवर चालतं, सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. पण जितकं लवकर दिलं तितका गुण. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले जवळपास निम्मे मृत्यू पावसाळ्यात.

विंचवाचंही असंच. बहुतेकदा वेदना काही तासांत उतरते आणि मंत्राचं नाव होतं. पण कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि मरणारी मुलं वाचू लागली.

कायदाही हाच फरक करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, आणि वर्षानुवर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. त्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. देवाची प्रार्थना करणं हा नाही. कायद्याला वावडं आहे ते वाट अडवण्याचं.

मग वाट कोण अडवतो?

इथे दोष एकट्या मांत्रिकाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. आमच्या आजोळी तेव्हा एस.टी. दिवसातून दोनदा यायची. दवाखाना बावीस किलोमीटरवर. रात्री गाडी नाही, पोचलं तर डॉक्टर असतील याची खात्री नाही, असले तर इंजेक्शन असेल याची नाही. आणि हे आजोबा पाच मिनिटांवर, जागे, फुकट, नावानं हाक मारणारे. तुम्ही तिथे असता तर कुठे गेला असता? आज १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, रस्ते झालेत, पण विश्वासाचा रस्ता जुन्याच वळणानं जातो.

पान लागलंच तर करायचं ते फार थोडं आहे. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही. माणसाला चालवायचं नाही, धीर द्यायचा, आणि निघायचं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही. साप पकडून बरोबर न्यायचीही गरज नाही.

ते आजोबा आता नाहीत. त्यांचा मुलगा तालुक्याला टमटम चालवतो, आणि मंत्र त्याच्याकडे आलाय. गेल्या गणपतीत त्याच्याशी बोलणं झालं. रात्री कुणी पान लागलेला घेऊन आलं की तो म्हणतो, "मंत्र गाडीत म्हणतो, आधी बसा." सरळ ग्रामीण रुग्णालयात नेतो, दारात उतरवेपर्यंत पुटपुटत राहतो. माणसं शांत बसून राहतात, वाटेत कुणी "परत फिरव" म्हणत नाही.

मी विचारलं, मग बरा झालेला नारळ कुणाला देतो? डॉक्टरला?

तो हसला आणि टमटमची मागची फळी उघडून दाखवली. सीटखाली तीन नारळ होते.